शिसं हाडात मुरतं, आणि पुढच्या पिढीत उतरतं

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतात गुलामी १८६५ ला संपली, दीडशे वर्षं होऊन गेली, आता किती दिवस तेच उगाळायचं. दुसरे बरोब्बर उलट टोकाचे, त्यांनी कुठेतरी रील बघितलेलं असतं की पणजोबांच्या पाठीवरचे चाबकाचे वळ पणतूच्या डीएनएत उतरतात, एपिजेनेटिक्स म्हणतात त्याला, सायन्सने प्रूव्ह केलंय. पहिल्यांशी वाद घालायला मला मजा येते, पण खरं सांगायचं तर दुसऱ्यांचा जास्त वैताग येतो, कारण ते चांगल्या बाजूने उभं राहून कच्चं सायन्स सांगतात.

एपिजेनेटिक्स खोटं नाहीये. डीएनएवर मिथाइलच्या छोट्या खुणा लागतात आणि त्यावर कुठला जीन चालू, कुठला बंद हे काही प्रमाणात ठरतं, इथपर्यंत सगळं पक्कं. पण माणसात बीजपेशी तयार होताना एकदा आणि गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना परत एकदा यातल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. ज्या अभ्यासाचा सगळीकडे दाखला देतात, एफकेबीपी५ नावाच्या, ताणाशी संबंधित जीनचा, त्यात होलोकॉस्टमधून वाचलेले ३२ जण होते आणि त्यांची २२ मुलं. एवढ्याशा आकड्यावरून "दुःख जीन्समधून उतरतं" म्हणणं म्हणजे हाइप झाली. शिवाय ती मुलं त्याच आईबापांच्या घरात वाढली, मग जीन्समधून किती आलं आणि घरातून किती हे वेगळं कसं काढणार? आणि मुळात एवढं गूढ काही शोधायची गरजच नाहीये. अन्याय एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा जातो याचा एक रस्ता असा आहे जो अक्षरशः हाडामांसाचा आहे, मोजता येतो, त्याच्या मागे चांगलं भक्कम रसायनशास्त्र आहे. तो म्हणजे शिसं.

पण आधी घराची गोष्ट. मेरीलँडमधलं बाल्टिमोर घेऊ. १९१० मध्ये या शहराने कायदाच केला की ज्या ब्लॉकमध्ये गोरे जास्त तिथे काळ्यांनी राहायला जायचं नाही आणि काळे जास्त तिथे गोऱ्यांनी. अमेरिकेतला असला पहिला कायदा हा. १९१७ ला सुप्रीम कोर्टाने लुइव्हिलच्या खटल्यात असे कायदे रद्द केले, तर लोकांनी घराच्या कागदपत्रांतच अटी घातल्या की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. मग मंदी आली, १९३३ ला रूझवेल्ट सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं आणि त्यांनी दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले, कुठल्या वस्तीत घराला लोन देणं किती जोखमीचं हे दाखवायला, हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा आणि लाल म्हणजे धोकादायक. बाल्टिमोरचा नकाशा १९३७ चा आहे. वस्तीत काळे लोक असले की रंग बहुतेक वेळा लालच. (हल्लीचे काही इकॉनॉमिस्ट म्हणतात की खुद्द या नकाशाने फार काही घडवलं नाही, त्याने फक्त आधीची परिस्थिती रंगवली, खरं नुकसान केलं ते फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, १९३४ पासून, अशा वस्त्यांतल्या होम लोनला सरकारी हमी नाकारून. मला ते पटतं.) कारण काहीही धरा, परिणाम एकच: लोन नाही, म्हणून स्वतःचं घर नाही, म्हणून भाड्याने राहा, आणि मालक कशाला दुरुस्ती करेल, ज्या घरावर बँक पैसे देत नाही त्यात पैसे घालणारा मूर्खच म्हणायचा.

आणि दुरुस्ती न केलेल्या जुन्या घरात भिंतीला काय असतं, तर पोपडे सुटलेला शिशाचा रंग. पांढरं शिसं, म्हणजे लेड कार्बोनेट, रंगात भरपूर घालायचे कारण टिकाऊ, धुता येतो, चकाकतो. ते विषारी आहे हे काही नंतर कळलेलं नाही, फ्रान्सने १९०९ मध्येच घरांच्या रंगकामात त्याच्यावर बंदी घालायचा कायदा केला, १९२१ ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ठराव झाला. बाल्टिमोरच्या आरोग्य खात्याने तर १९३५ पासून मुलांच्या रक्तातलं शिसं फुकट तपासून द्यायला सुरुवात केली होती, १९५१ ला घरात आतून लावायच्या रंगात शिसं घालायला बंदीही केली. अख्ख्या अमेरिकेत बंदी यायला १९७८ उजाडलं. मधल्या काळात शिसे उद्योगाच्या संघटनेतले लोक आपसातल्या पत्रांत काय लिहीत होते, तर मूळ प्रॉब्लेम झोपडपट्टीतल्या अडाणी आईबापांचा आहे, त्यांना शिकवणार कोण. आणि नव्या रंगावर बंदी आली तरी भिंतीवरचा जुना रंग कोण खरवडणार होतं.

सगळ्यात वाईट खिडक्या. तिकडच्या जुन्या घरांत खिडकी वर-खाली सरकते, दर वेळी लाकडावर लाकूड घासतं आणि रंगाची पिठासारखी धूळ चौकटीत पडते. रांगणारं मूल तिथे हात ठेवतं आणि हात तोंडात घालतं, पोपडा खायचीसुद्धा गरज नाही. १९७६ ते ८० च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत रक्तातलं शिसं डेसिलिटरला ३० मायक्रोग्रॅम किंवा जास्त असलेली गोरी मुलं २ टक्के होती आणि काळी मुलं १२.२ टक्के. ३० ही तेव्हाची धोक्याची रेघ बरं का, आज ती ३.५ वर आहे.

आता माझा आवडता भाग, जरा धीराने वाचा.

शिशाचा आयन आणि कॅल्शियमचा आयन, दोघांवर दोन धन भार. आकारात थोडा फरक आहे पण शरीराला चकवता येईल इतपतच. लग्नात एखादा आगंतुक असतो ना, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, आणि तो पंगतीला बसून वर मुक्कामालाच राहतो, तसं हे शिसं. आतड्यात जे वाहक रेणू लोह आणि कॅल्शियम आत घ्यायला बसलेत तेच त्याला आत घेतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण १० टक्के रक्तात उतरतं, लहान मुलाच्यात ४०-५० टक्के. आणि इथे गरिबी दुसऱ्यांदा गाठते, कारण मुलात लोह कमी असेल तर आतडं डीएमटी१ नावाचे वाहक वाढवतं, म्हणजे लोहासाठी दारं जास्त उघडतात आणि त्यातून शिसंही जास्त शिरतं. चांगलं खायला न मिळालेलं मूल तेवढ्याच धुळीतून जास्त विष घेतं.

आत गेल्यावर ते बहुतेक लाल पेशींना चिकटतं. त्याला गंधक फार प्रिय, म्हणून ज्या एन्झाइम्समध्ये गंधकवाल्या सिस्टीनने जस्त धरून ठेवलेलं असतं तिथे ते जस्ताला ढकलून स्वतः बसतं. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या साखळीतलं एएलएडी हे एन्झाइम असंच बंद पडतं. मेंदूत आणखी घोळ. दोन चेतापेशींच्या जोडावर कॅल्शियम आत आलं की सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रोटीन त्या इशाऱ्यावर रसायनाची पिशवी फोडतं, या प्रोटीनला शिसं कॅल्शियमपेक्षा घट्ट चिकटतं, म्हणजे इशारा नसताना इशारा. पलीकडच्या पेशीवरचे एनएमडीए रिसेप्टर, ज्यांच्यावर शिकणं आणि लक्षात ठेवणं बरंच अवलंबून आहे, ते मात्र शिसं अडवतं, म्हणजे इशारा असून नसल्यासारखा. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत नेमकं याच वेळी कुठले जोड ठेवायचे आणि कुठले छाटायचे हे या इशाऱ्यांवरून ठरत असतं. (इथे काही लोक दमले असतील, एवढंच लक्षात ठेवा की कॅल्शियमचा इशारा जिथे जिथे चालतो तिथे तिथे हा गोंधळ घालतो.)

रक्तातलं शिसं महिन्याभरात अर्धं होतं. मग रिपोर्ट चांगला येतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ते सगळं काही शरीराबाहेर जात नाही, बरंचसं हाडात जातं, कॅल्शियमच्या जागी. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडात असतं आणि तिथून अर्धं व्हायला दशकं लागतात. आता ती रांगणारी मुलगी मोठी झाली, वीस-पंचवीस वर्षांची, कदाचित त्या घरातून बाहेरही पडली, आणि तिला दिवस गेले. बाळाच्या सांगाड्याला जवळजवळ ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. आहारातून पुरलं नाही तर आईचं शरीर स्वतःचं हाड विरघळवतं, अंगावर पाजताना तर आणखी. कॅल्शियमबरोबर शिसं सुटतं, आणि वार (प्लॅसेंटा) त्याला अडवत नाही.

हे सिद्ध कसं केलं हे तर फारच भारी आहे. ऑस्ट्रेलियात ब्रायन गल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात केलं. शिशाचे चार स्थिर आयसोटोप, म्हणजे शिशाचेच पण वेगवेगळ्या वजनाचे अणू, त्यातलं २०४ मूळचं आहे तेवढंच राहतं, पण २०६ युरेनियमच्या विघटनातून हळूहळू वाढत असतं. ब्रोकन हिलच्या खाणीतलं खनिज जवळपास १७० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमपासून वेगळं पडलं, म्हणून त्यात २०६ चं प्रमाण कमी, आणि ऑस्ट्रेलियाच्या पेट्रोलमध्ये, रंगात, हवेत तेच शिसं. पूर्व युरोपातल्या शिशाची सही वेगळी. तिकडून सिडनीत राहायला आलेल्या बायकांचं रक्त हळूहळू ऑस्ट्रेलियन सही दाखवायला लागलं. आणि मग त्या गरोदर राहिल्यावर रक्तातलं शिसं वाढलं, आणि सही परत युरोपकडे सरकली. बाहेरून युरोपातलं शिसं येण्याचा प्रश्नच नव्हता, ते आलं त्यांच्याच हाडातून, लहानपणी साठलेलं. तुलनेला गरोदर नसलेल्या स्थलांतरित बायका होत्या, त्यांच्यात हे झालं नाही. एखाद्या बाईचं बालपण कुठल्या खाणीच्या शिशात गेलं हे तिच्या बाळंतपणात रक्तावरून वाचता येतं, मला अजूनही हे वाचलं की काटा येतो.

आता अति करायचं नाही. बाल्टिमोरच्या मुलाला मिळणारं जास्तीत जास्त शिसं आईच्या हाडातून नाही, तर आजीच्या घरासारख्याच घराच्या खिडकीतून येतं. पिढ्यांची साखळी मुख्यतः पत्त्याची आहे, हाडाचा रस्ता त्यात भर घालतो.

"पण गरिबीमुळेच मुलं मागे पडतात, शिशाला कशाला दोष" हा आक्षेप योग्य आहे, कारण अमेरिकेत दोन्ही एकत्रच येतात. म्हणून न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास महत्त्वाचा. १९७२-७३ ला जन्मलेली हजारभर मुलं आजतागायत तपासताहेत, त्यातल्या पाचशेच्या वर मुलांचं ११ व्या वर्षी रक्तातलं शिसं मोजलं होतं. तिथे शिसं यायचं मुख्यतः पेट्रोलच्या धुरातून आणि धूर श्रीमंत-गरीब बघत नाही, त्यामुळे घरची परिस्थिती आणि शिसं यांचा फारसा संबंधच नव्हता. तरी ३८ व्या वर्षी काय दिसलं, तर ज्यांच्या रक्तात लहानपणी शिसं जास्त होतं त्यांचा बुद्ध्यांक कमी आणि कामधंद्याच्या शिडीवर ते आपल्या आईबापांपेक्षा खाली उतरलेले. दर ५ मायक्रोग्रॅममागे दीडेक गुण. एका माणसात कळणारही नाही, पण अख्ख्या वस्तीत, पिढ्यान् पिढ्या? आणि मग कोणीतरी त्याच वस्तीतल्या मुलांचे मार्क दाखवून वंशाच्या बुद्धीवर भाषण देतो, त्यांना मी हात जोडतो.

आत गेलेलं काढता येत नाही का? बाल्टिमोर, सिनसिनाटी, न्यूअर्क आणि फिलाडेल्फियात ७८० मुलांवर सक्सिमर या औषधाची चाचणी झाली, निकाल २००१ ला आला. रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीत काही फरक पडला नाही. तेव्हा "हेवी मेटल डिटॉक्स" विकणारे ज्यूसवाले आणि पायाच्या पट्टीवाले यांच्याबद्दल काय ते समजून घ्या. आणि आपल्याकडचं नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. शोधन-मारण केलं की विष राहत नाही म्हणतात, पण शिसं मूलद्रव्य आहे, कितीही पुटं द्या ते शिसंच राहतं. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायका शोधल्या ज्यांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक औषधांशी जोडलेलं होतं, आणि ही औषधं काहींनी गर्भासाठीच घेतलेली.

पैशाचा हिशोब वेगळा सांगायला नको. अमेरिकेत सामान्य कुटुंबाची सगळ्यात मोठी मालमत्ता घर, आणि २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या सर्वेक्षणात, संपत्तीप्रमाणे रांग लावली तर बरोबर मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर तर मधल्या काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आसपास. एकाच्या आजोबाला १९४० च्या सुमारास लोन मिळालं, दुसऱ्याच्या आजोबाला नाही.

आपल्याकडे वर्ण वेगळा, शिसं तेच. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असलेली भारतातली मुलं साडेसत्तावीस कोटी, आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्ट्या कोणाच्या वस्तीला लागून असतात ते सांगायला नको. त्यात एक स्वस्त उपाय मात्र आधीच घरात येतोय. मेक्सिको सिटीत गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं तेव्हा रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं, कारण हाड कमी विरघळलं. आपल्या सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून पुढे रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देतात, कारण दुसरं आहे, ब्लडप्रेशरचं, पण हा फायदाही त्यात येतो. आशाताई घरी आणून देतात आणि बऱ्याच घरांत त्या कपाटात पडून राहतात. घ्या त्या, फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.