पेसमेकरची तपासणी घरी पोचली कशी?

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नेरूळ-खारघरला राहणाऱ्या पेसमेकरवाल्या आजोबांच्या उशाशी आता कधीकधी एक छोटं यंत्र दिसतं. ते झोपले की हे यंत्र पेसमेकरमधल्या नोंदी बिनतारी उचलतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून पुढे धाडतं. काही नव्या मॉडेलांत हे काम फोनमधलं ॲपच करतं. सायन-परळच्या मोठ्या रुग्णालयांच्या काही खेपा वाचतात. ही सोय कोविडची देणगी असं अनेकांना वाटतं, पण तिची सुरुवात बॅटरीच्या धास्तीतून झाली.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये सर्जन ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो बनवला होता अभियंते रूने एल्मक्विस्ट यांनी. काही तासांतच तो बंद पडला. लार्सन मात्र यंत्रामागून यंत्र बदलत २००१ पर्यंत, म्हणजे सर्जन आणि अभियंता दोघांच्याही नंतरपर्यंत जगले! त्या काळच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांतच उतरत, आणि नेमक्या कधी, ते बाहेरून कळत नसे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सीमूर फर्मन यांनी ही तपासणी टेलिफोनवर आणली. छातीवर लोहचुंबक धरलं की पेसमेकर ठरलेल्या गतीने ठोके देतो आणि बॅटरी उतरली की ती गती घटते. रुग्णाने घरून फोन लावायचा, ठोके दवाखान्यात नोंदले जायचे. आपल्याकडे तेव्हा घरात फोन येण्यासाठीच वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि नवी मुंबई सिडकोच्या नकाशांवर होती.

१९८० मध्ये मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतला, ठोके जीवघेणे बिघडले की हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर बाल्टिमोरमध्ये माणसाच्या शरीरात प्रथम बसवला गेला. आता नुसती बॅटरी बघून भागेना. शॉक का बसला, हृदयापर्यंत जाणारी वायर तुटली का, ठोके कधी बिघडले, हेही हवं होतं. २००१ मध्ये जर्मनीच्या बायोट्रोनिकची रोज आपोआप माहिती पाठवणारी पद्धत अमेरिकेत मंजूर झाली, पाठोपाठ इतर कंपन्याही उतरल्या.

फायदा होतो का? २०१४ च्या इन-टाइम अभ्यासात रोज देखरेख असलेल्या हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी झालेल्या) रुग्णांमध्ये वर्षभरातले मृत्यू ३.४ टक्के होते, नेहमीच्या तपासणीवर असलेल्यांत ८.७. पण १,६५० रुग्णांच्या इंग्लंडमधल्या रेम-एचएफ अभ्यासात, जिथे माहिती आठवड्याने पाहिली जाई, फरक दिसला नाही. माझ्या मते फरक पडतो तो माहिती किती लवकर वाचली जाते आणि पुढे कोण हालचाल करतं, यानेच.

बिनतारी दार उघडलं की चोराची भीतीही येते. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सुरक्षेचं सॉफ्टवेअर अपडेट काढावं लागलं. भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी आली. डॉक्टरी सल्ला दुरून देण्याला त्यामुळे स्पष्ट चौकट मिळाली.

उशाजवळचं यंत्र म्हणजे ॲम्ब्युलन्स नव्हे. शुद्ध हरपली किंवा लागोपाठ शॉक बसले तर १०८ च लावायचा. आणि डिस्चार्ज घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी: रविवारी रात्री अलर्ट गेला तर तो कोण, किती वाजता बघतं?