दुखऱ्या जागेवरच मन का अडकतं?

काटेकोर माणसाला चुकीची धास्ती असते. मनमिळाऊ माणसाला कुणीतरी दुखावेल याची, तर तर्काने चालणाऱ्याला भावनांच्या गुंत्याची. स्वभाव म्हटला की त्याची एक दुखरी जागा आलीच. कोडं वेगळंच आहे: माणूस या जागेपासून दूर जायचं सोडून वर्षानुवर्षं तिच्याभोवतीच का घुटमळतो? याचं खापर सहसा दुबळेपणावर फोडलं जातं. पण बारकाईने पाहिलं तर बहुतेक वेळा गोष्ट उलटी निघते. आपलं जे सगळ्यात सरावाचं कौशल्य, तेच माणूस तिथे वापरत राहतो, आणि नेमकं तिथे ते चालत नाही.

कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वप्रकारांची मांडणी केली, तेव्हा याच्या जवळपासचं काही त्यांना दिसलं होतं. विचार, भावना, संवेदना आणि अंतःस्फूर्ती या चार कार्यांपैकी एक वरचढ होतं आणि त्याच्या विरुद्धचं कच्चं राहतं. मग ताण आला की हे कच्चं कार्य भडकपणे उसळून येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ही मांडणी रुग्णांच्या निरीक्षणातून आली होती, प्रयोगांतून नव्हे. आजचे बहुतेक संशोधक माणसांचे कप्पे करत नाहीत. काटेकोरपणा, मनमिळाऊपणा, बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा हे गुण प्रत्येकात कमी-अधिक असतात आणि बरेचसे लोक मध्यावर असतात. तेव्हा इथे ‘काटेकोर माणूस’ म्हणजे ज्याच्यात तो गुण ठळक आहे असा माणूस, एवढंच समजावं.

अडकण्याची सुरुवात अवधानापासून होते. १९८६ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पडद्यावर एकाखाली एक असे दोन शब्द अर्धा सेकंद दिसत, काही वेळा त्यांतला एक भीतीशी जोडलेला असे. शब्द गेले की त्यांपैकी एकाच्या जागी ठिपका उमटे आणि तो दिसताच बटण दाबायचं. चिंतेने ग्रासलेले लोक भीतीच्या शब्दाजागी आलेला ठिपका जास्त झटकन टिपत. म्हणजे ठिपका यायच्या आधीच त्यांचं लक्ष तिथे जाऊन बसलेलं असे.

पण नुसतं लक्ष गेल्याने कुणी कायमचं अडकत नाही. अडकवतो तो क्षणभराचा दिलासा. काटेकोर माणूस पाठवलेला मजकूर पुन्हा वाचतो, जीव भांड्यात पडतो, आणि मेंदू एवढंच शिकतो की बरं वाटायचं असेल तर तपासायचं. याची किंमत किती, हे मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये दाखवलं. संगणकावरच्या आभासी गॅसच्या शेगडीची बटणं चालू-बंद करून तपासण्याचं काम एका गटाने वीस वेळा केलं. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वेळा दिवे तपासले. शेवटी दोघांनाही शेगडीच तपासायला देऊन कोणती बटणं तपासली ते विचारलं. उत्तरं दोन्ही गटांची साधारण सारखीच बरोबर होती. मात्र शेगडीच तपासत बसलेल्यांना ती आठवण धूसर वाटत होती आणि तिच्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. खात्रीसाठी केलेल्या तपासणीनेच खात्री पोखरली. मग पुन्हा तपासावंसं वाटणं ओघाने आलंच.

इतर स्वभावांतही चक्र हेच, फक्त साधन निराळं. मनमिळाऊ माणूस ‘रागावला नाहीस ना?’ असं विचारत राहतो. समोरचा कंटाळतो, आणि तो कंटाळा नाराजीचा पुरावा ठरतो. विचारी माणूस ‘माझंच असं का होतं?’ याचा कीस पाडतो. सुझन नोलन-होक्सिमा यांच्या संशोधनात अशा उगाळण्याने उदासी लांबते आणि प्रश्न सोडवण्याची क्षमताही घटते, असं वारंवार दिसलं. बुजरा माणूस बोलण्याआधी मनात वाक्यं घोळवतो, नजर टाळतो, आणि त्यामुळेच इतरांना तुटक वाटतो. २००० सालच्या एका प्रयोगात ओशाळवाणं वाटेल असा टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता की खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल. प्रत्यक्षात सुमारे चौथा हिस्सा लोकांनीच तो टिपला.

यातून सुटायचं तर आधी आठवडाभर नोंद ठेवावी. चार रकाने पुरेत: काय घडलं, कशाची भीती वाटली, मी काय केलं, दिलासा किती वेळ टिकला. शेवटचा रकाना सर्वांत बोलका. वीस मिनिटांत दिलासा ओसरत असेल, तर ते कौशल्य तिथे कामाचं नाही हे कागदावरच दिसतं.

मग एकच सवय निवडून प्रयोग करायचा. मजकूर एकदाच वाचून पाठवायचा; त्याआधी ‘काय बिघडेल’ याचं भाकीत नेमक्या शब्दांत लिहायचं आणि अस्वस्थतेला शून्य ते शंभर गुण द्यायचे. दर दहा मिनिटांनी गुण पुन्हा लिहायचे, दुसऱ्या दिवशी भाकीत ताडून पाहायचं. हे बहुधा फसतं ते चोरवाटांमुळे. मजकूर न उघडता मनात आठवून पाहणं, दुसऱ्या कुणाला वाचायला लावणं ही तपासणीच झाली, आणि मग ‘काही बिघडलं नाही’ याचं श्रेय मेंदू तिलाच देतो.

उगाळणाऱ्यांसाठी थॉमस बोर्कोव्हेक यांची १९८३ मधली पद्धत अजून उपयोगी पडते: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास फक्त काळजीसाठी. एरवी काळजी आली की एका ओळीत टिपून ठेवायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं. झोपायच्या आधीची वेळ आणि अंथरूण मात्र टाळावं. ‘हा विचार येताच कामा नये’ असा हट्टही धरू नये. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं आधी सांगितलेल्यांना, नंतर मोकळीक मिळाल्यावर, तोच विचार इतरांपेक्षा जास्त वेळा आला.

स्वभाव बदलतच नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा उपचारांनंतर सर्वांत जास्त फरक भावनिक स्थैर्यात दिसला, आणि तोही काही आठवड्यांच्या अवधीत. तपासणं, विचारणं किंवा मनातली उजळणी यांत रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा काम आणि झोप बिघडत असेल, तर एकट्याने प्रयोग करत न बसता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. जाताना आठवड्याच्या नोंदीचा तो कागद बरोबर न्यावा. पहिल्याच भेटीत त्याचा उपयोग होतो.