पाळीच्या दुखण्याने खाडा होत असेल तर

पाळीत ओटीपोटात कळ येणं, कंबर जड होणं बहुतेक बायकांना माहीत असतं. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं, एखादी गोळी घेतली की दिवस निघतो. पण तासगावच्या द्राक्षबागेत विरळणीला जाणारीचा दर महिन्याला पाळीपायी खाडा होत असेल, सांगलीत कॉलेजला जाणारी मुलगी पाय पोटाशी घेऊन अंथरुणात पडून राहत असेल, तर ते 'बाईच्या जातीला चालायचंच' म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो.

गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी या आजारात पिशवीबाहेर वाढतात. बीजांडकोशावर, गर्भनलिकांवर, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवरही. पाळीचं चक्र चालवणाऱ्या हार्मोन्सचा परिणाम त्यांच्यावरही होतो. मग आतल्या आत सूज येते, रक्त साकळतं, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात जुनं रक्त साठून झालेल्या गाठीला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळीचं काही रक्त नलिकांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातून हे सुरू होतं, असं अमेरिकी डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२०च्या दशकात मांडलं. मात्र असं उलटं रक्त बहुतेक बायकांत जातं, आजार थोड्यांनाच होतो. म्हणजे आणखीही कारणं आहेत. आई किंवा बहिणीला तो असेल तर शक्यता वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार आहे, आणि त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षं जातात. इतकी वर्षं का जातात? माझ्या मते, अर्ध्या तक्रारी दवाखान्यात सांगितल्याच जात नाहीत. पाळीत शौचाला किंवा लघवीला बसताना दुखतं, नवऱ्याजवळ गेल्यावर आत खोल दुखतं, दिवस राहत नाहीत, पोट फुगतं, अंगातलं त्राण जातं. शेजारी सासूबाई बसलेल्या असताना यातलं काय तोंडातून निघणार? डॉक्टरांशी एकटीनं बोलायचं आहे, असं खुशाल सांगावं.

पाळीची तारीख पुष्कळजणी कालनिर्णयवर लिहितातच. तिथेच दुखणं दहापैकी किती, गोळ्या किती लागल्या, कुठलं काम अडलं, हेही टिपा आणि दोन-तीन महिन्यांची पानं स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार नाहीच असं ठरत नाही; बारीक ठिपके तिच्यात दिसत नाहीत. आजार थोडा आणि दुखणं भयंकर, किंवा उलट, असंही असतं. गरजेनुसार एमआरआय किंवा दुर्बिणीतून तपासणी करतात. पण प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्यांनी अनेकींना आराम पडतो. मूल हवं असेल तर ते आधीच सांगा, कारण हार्मोनच्या बहुतेक औषधांनी त्या काळात गर्भ राहत नाही.

'लग्न झालं की थांबेल', 'एक मूल झालं की जाईल' या भरवशावर मुलींना ताटकळत ठेवू नका. बाळंतपण हा यावरचा उपचार नाही. पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळाला, तर आजार पिशवीबाहेर असताना ती काढून काय साधणार, हे स्पष्ट विचारा. पिशवी काढल्यावरही दुखणं राहू शकतं. निर्णयाआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. मिरजेसारखी आरोग्यपंढरी जवळ असताना ते अवघड नाही.