पार्श्वभूमी : बाळाचा डोस आणि आईची भाषा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी बाळंतिणीच्या हातात 'तायी कार्ड' असतं, आई-बाळाच्या तपासण्यांच्या आणि लसींच्या नोंदींचं. कानडीत तायी म्हणजे आई. मराठी कानाला ते 'ताई कार्ड' वाटतं. कार्डावरचा छापील मजकूर कानडी. मराठी शाळेत शिकलेली आई नर्सबाईंनी पेनाने लिहिलेली तारीख तेवढी वाचते, बाकीचं अंगणवाडीच्या ताईंना विचारते.

एके काळी आरोग्य म्हणजे सरकारी हुकूम होता. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत देवीची लस तयार व्हायची. गावात देवी काढायला माणूस आला की लोक पोरं लपवत. लस कशासाठी, हे त्यांना समजावून सांगायची गरज फारशी कुणाला वाटली नव्हती.

हक्काची भाषा आली ती जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ च्या घटनेतून. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता मंजूर केली, भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्या कलम २४ मध्ये मुलाच्या आरोग्याच्या हक्काबरोबरच आईबापांना आरोग्याची माहिती मिळाली पाहिजे, असंही म्हटलंय. माझ्या मते सीमाभागासाठी सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

आपल्याकडे अंगणवाडी १९७५ मध्ये आली, ती योजना म्हणून. तिला हक्काचं बळ दिलं सर्वोच्च न्यायालयाने, २००१ पासून चाललेल्या अन्नाच्या हक्काच्या खटल्यात. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील तर मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या, असा आदेश डिसेंबर २००६ मध्ये झाला. पण खानापूरच्या जंगलातल्या दहा-बारा घरांच्या वाडीत ४० मुलं आणायची कुठून?

भाषेचा धागा याहून जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेलं. त्याच वर्षी भारताच्या घटनेत कलम ३५०अ आलं, अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी म्हणून. जिथे अल्पसंख्य भाषक १५ ते २० टक्के, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे धोरणही त्याच वर्षीचं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काहीही लागो, या सूचनांचा त्याच्याशी संबंध नाही.

लसीचं वेळापत्रक ही महत्त्वाची सूचना नाही तर काय? दीड महिन्याला, अडीच महिन्याला, साडेतीन महिन्याला, एवढ्या तीन ओळी कार्डावर मराठीतही छापा.