‘पाणी काढून द्या’ की ‘पाण्यासकट आणा’?

इन्व्हर्टरची बॅटरी बसली की दोन भाव कानावर येतात: नवी घेताना दुकानदार जुनीचे वजा करतो तो, आणि भंगारवाल्याचा, बहुधा थोडा चढा. बॅटरीतल्या प्लेटांचे शिसे दोन्हीकडे वितळूनच परत येते. मग ‘रिसायकल तर होतेच ना’ म्हणत चढा भाव घ्यायचा मोह होतो.

फरक कळतो तो ‘पाणी’ या शब्दावरून. आपण बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतो म्हणून आतले सगळेच पाणी वाटते. ते असते पातळ गंधकाम्ल, त्यात शिशाचे कण. मोरीत ओतून पाहू नका. शहाबादी फरशी चुनखडीची, लगेच फेसाळते. ‘पाणी काढून द्या’ म्हणणाऱ्या भंगारवाल्याला फक्त शिशाचे वजन हवे असते. आम्लाची विल्हेवाट त्याने तुमच्या गटारावर सोडलेली असते.

पुढे बॅटरी कुऱ्हाडीने फुटते. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कढई नि कोळशावर भागते, आणि खरी गोम इथेच आहे. प्लेटांवरच्या लगद्यात मुख्यतः लेड सल्फेट असते; त्यातून शिसे काढायला कितीतरी जास्त उष्णता लागते. म्हणून बरेच शिसे राखेत उरते, ती राख मागच्या मोकळ्या जागेत पडते. काही शिसे धूर आणि धूळ होऊन कपड्यांवरून कामगाराच्या घरी जाते. पोटात गेलेले शिसे मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषले जाते. सेनेगलमधल्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत 2007-08 मध्ये अशाच बॅटऱ्यांच्या धंद्यातून शिसे भिनून 18 मुले दगावली.

दुकानदाराकडून जुनी बॅटरी जायला हवी ती नोंदणीकृत कारखान्यात; तिथे ती आम्लासकट बंद यंत्रात फुटते. पाण्यात प्लास्टिक तरंगते, शिसे तळाला जाते; आम्ल निष्प्रभ करतात, भट्टीचा धूर गाळून सोडतात. या सगळ्याला खर्च येतो. भंगारवाल्याचा चढा भाव म्हणजे हाच न केलेला खर्च.

दुकानदार सगळे धुतल्या तांदळाचे नसतात. जुनी बॅटरी मागच्या दाराने भंगारात जाऊ शकते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार रिसायकलरची राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते, तेव्हा ती कुणाकडे जाणार हे बेलाशक विचारा आणि जुनीचा उल्लेख पावतीवर घ्या. तोवर बॅटरी उभीच ठेवा, झाकणे घट्ट, टर्मिनलवर चिकटपट्टी.