घानात अजून राजाच कारभार पाहतो?

‘घानाच्या खेड्यापाड्यांत अजून राजाचा हुकूम चालतो, सरकार नावापुरतं’ हे वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं. ते खरं नाही. आशांती प्रदेशातला बोसोमत्वे जिल्हाच बघा.

इथलं तळं आपल्या लोणारसारखंच उल्कापातातून झालेलं. परंपरेने त्यात होडी चालत नाही, म्हणून कोळी लाकडाच्या जाड फळीवर बसून हातांनी पाणी मारत जाळ्यापर्यंत जातात. मासळी आणि शेती, यांवर घरं चालतात.

कारभार मात्र कुंतानासे गावातली जिल्हा सभा पाहते. तिचे साधारण 70 टक्के सदस्य मतदानाने येतात, पक्षाच्या चिन्हाशिवाय. उरलेले राष्ट्राध्यक्ष नेमतात. (जिल्हाप्रमुखही राष्ट्राध्यक्षच सुचवतात, पण सभेच्या दोन तृतीयांश मतांशिवाय त्याची नेमणूक होत नाही.)

मग राजे? त्यांना मान मोठा आहे, जमिनीच्या तंट्यांत त्यांचा शब्दही जड. पण 1992 च्या राज्यघटनेने त्यांना सक्रिय पक्षीय राजकारणाची बंदी केली आहे. राजगादीच्या जमिनीचं उत्पन्नसुद्धा सगळं त्यांचं नसतं: 10 टक्के प्रशासनखर्च वजा केला की उरलेल्यातले 55 टक्के जिल्हा सभेकडे जातात, गादीला मिळतात फक्त 25.