शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व?

क्लायंटसमोर प्रेझेंटेशन असलं की एक मेसेज हमखास फिरतो: ‘संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि देहबोली ५५ टक्के.’ हे आकडे खरे आहेत, पण लागू होतात फार छोट्या गोष्टीला.

ते १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांतून आले. त्यात भाषणं नव्हती, सुटे शब्द होते. त्यांपैकी एका प्रयोगात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, चेहऱ्याचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं, या व्यक्तीला समोरचा आवडतो की नाही? म्हणजे प्रश्न आवडीनिवडीचा, तोही शब्द आणि सूर जुळत नसताना. ‘मी रागावले नाहीये’ असं कुणी दात आवळून म्हटलं की आपण सुरावर विश्वास ठेवतो, तसंच. हे प्रमाण भावना सांगण्यापुरतंच आहे, असं संशोधकाने स्वतःही स्पष्ट केलं आहे.

पडताळायचं असेल तर अनोळखी भाषेतली पाच मिनिटांची माहितीपर क्लिप बघा आणि काय कळलं ते लिहून काढा. नुसत्या आवाजातून आणि देहबोलीतून ९३ टक्के उतरतं का?

मला काळजी वाटते ती नव्याने काम सुरू केलेल्यांची. आरशासमोर हातवारे घोटण्यात संध्याकाळ जाते, आणि सकाळी क्लायंट विचारतो, “जीएसटी धरून किती? माल कधी मिळेल?” तिथे आवाज अडखळतो तो उत्तर तयार नसल्यामुळे. आधी असे दहा प्रश्न कागदावर काढा, उत्तरं मोठ्याने बोलून बघा. उभं कसं राहायचं ते नंतर.